कृपया, फोन ठेवू नका

हशा पिकला आणि बडबडीचं डोकं फिरलं.

बारा वर्षं ती लोकांना हसवून पोट भरत होती, पण एवढा मोठा हशा तिला आजवर मिळाला नव्हता. कपड्यांच्या दुकानावरची ही साठ खुर्च्यांची खोली. नवा कार्यक्रम चारचौघांपुढे घासूनपुसून बघायचा तर गावातले सगळे विनोदवाले इथेच येत. पुढच्या रांगेतला एक जाडा गृहस्थ तर चष्मा काढून डोळे पुसत होता. आणि ही माईक धरून उभी, ओठांवर धंद्याचं हसू आणि मनात एकच वाक्य: हसताय काय दात काढून, आई आहे ती माझी!

पण त्यांना तरी काय बोल लावणार? विनोद हिचाच होता. आईचं तोंड एका बाजूला कसं ओघळलंय ते हिनेच करून दाखवलं होतं. "आई, चहा घेणार?" "आई, पाय दुखतोय?" "आई, मावशीशी भांडलीस?" असं विचारत जायचं आणि दर वेळी ते वाकडं तोंड करून उत्तर द्यायचं, "कृपया फोन ठेवू नका. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." तिसऱ्या वेळेला लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात आले. चौथ्या वेळेला बडबडीला स्वतःचीच शिसारी आली.

ती गोष्ट विनोदाची नव्हतीच मुळी. म्हणजे होती, पण ज्याच्यावर हसायचं तो माणूस भलताच होता, आणि तो मात्र यातून अलगद सुटून गेला होता.

झालं होतं ते असं. बडबडीची आई तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली, खोलीत टेलिफोनचा बोर्ड, बोर्डापुढे आई. दोनशे बारा एक्स्टेन्शनं तिला तोंडपाठ. फोन करणारा श्वास कसा घेतोय यावरून त्याला बाळंतपणाच्या वॉर्डाला जोडायचं की अपघात विभागाला, हे तिला तो बोलायच्या आधी कळायचं. "घाबरलेला माणूस आधी स्वतःचं नाव सांगतो," ती म्हणायची, "त्याला वाटतं, नाव सांगितलं की आपण हरवणार नाही." आणि तिचा एक नियम होता: ऑपरेटरने फोन आधी ठेवायचा नसतो. समोरच्याने ठेवल्यावरच आपण ठेवायचा. हा नियम तिने घरीही पाळला. चुकून लागलेल्या फोनवाल्याचीसुद्धा ती विचारपूस करायची. त्यात मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, एकदा बोलायला लागली की थांबणारी नव्हे. दोघींचा फोन सुरू झाला की दूध उतू गेलंच म्हणून समजायचं. अशा घरात जन्मलेल्या पोरीला आईने 'बडबडी' म्हणावं हे जरा अतीच होतं, पण तेच नाव टिकलं आणि पुढे पोस्टरवरही तेच आलं.

मग हॉस्पिटलात आपोआप चालणारी फोनसेवा आली. प्रशासनाचे साहेब आईच्या खोलीत आले. या साहेबांना प्रत्येक वाक्याआधी 'बघा, कसं आहे' म्हणायची खोड होती. "बघा, कसं आहे, मशीन आलं तरी आवाज माणसाचाच लागतो. आणि तुमच्यासारखा आवाज आख्ख्या इमारतीत नाही." आई हरभऱ्याच्या झाडावर चढली. रेकॉर्ड रूमच्या खिडक्यांना ब्लँकेटं लावून, फायलींच्या ढिगाऱ्यात बसून तिने दोन दुपारी अकरा वाक्यं म्हटली. त्यातलं एक चौदा वेळा म्हटलं, कारण तिचं स्वतःचंच समाधान होईना. बदल्यात साहेबांनी तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. तीन महिन्यांनी कागद आला की ऑपरेटरचं पद आता राहिलेलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तर दांडाही तीच आणि गोतही तीच.

बडबडी तेव्हाही चिडली होती. आई मात्र म्हणाली, "जाऊ दे गं. आवाज तर माझाच आहे ना तिथे." अधूनमधून ती गुपचूप हॉस्पिटलचा नंबर फिरवायची आणि सगळं नीट चाललंय ना ते ऐकायची. मेल्यांनी नोकरीवरून काढलं तरी ही बाई देखरेख करत होती, फुकट!

आणि दोन वर्षांनी एका सकाळी दहाच्या सुमाराला आईचा उजवा हात उचलेना. बडबडी कार्यक्रमासाठी परगावी. मावशी पलीकडच्या गल्लीत, पाच मिनिटांवर. पण तीस वर्षांची सवय: काही झालं की बोर्डाला फोन. आईने डाव्या हाताने हॉस्पिटलचा नंबर लावला, आणि पलीकडून तिचाच आवाज तिला म्हणाला की कृपया, फोन ठेवू नका. तिने ठेवला नाही. मावशी भाजी घेऊन आली तेव्हा ताई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, फोन कानाला, आणि फोनमधून ताईचाच आवाज येत होता. तेवीस मिनिटं. फोनमध्ये तशी नोंदच आहे. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं.

आता आईजवळ एकच वाक्य उरलं आहे. जे बोर्डापुढे रोज शंभरदा म्हटलं, ते मेंदूने वेगळं कुठेतरी जपून ठेवलं आणि बाकी सगळं गेलं, असं तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं. चहा हवा असला तरी तेच वाक्य, नको असला तरी तेच. तिला सगळं समजतं. बाहेर मात्र तेवढंच येतं.

बडबडी हॉस्पिटलात तक्रार घेऊन गेली. तक्रार विभागही याच साहेबांकडे होता. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "बघा, कसं आहे, तातडीच्या सेवेसाठी नऊ दाबायचं असतं. आणि ती सूचना तुमच्या आईंनीच तर रेकॉर्ड केलीय. त्यांना तरी माहीत असायला हवं होतं." आणि किंचित हसले.

बडबडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, खाली आली, जिन्याखालच्या त्या खोलीच्या बंद दारापुढे उभं राहून तिने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि नऊ दाबलं. "कृपया, फोन ठेवू नका," आई म्हणाली. तिने फोन बंद करून पुन्हा लावला, सात दाबलं. आई. तीन दाबलं. आई. सगळे आकडे एकाच रांगेत जाऊन उभे राहत होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! ती धावत वर गेली, तर साहेब जेवायला गेले होते. तिने लेखी तक्रार दिली. आठवड्याने पोच आली: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

तो कागद वाचून ती इतकी हसली, की मावशी घाबरली. आणि त्याच रात्री नव्या कार्यक्रमाची पहिली ओळ लिहिली गेली.

तर असा हा कार्यक्रम, आणि त्यात लोक हसले कोणाला? आईच्या तोंडाला.

हॉलवाला खूश होता. या छोट्या खोलीचा तोच मालक, मोठं थिएटरही तोच चालवायचा, आणि तीन आठवड्यांनी तिथे हा कार्यक्रम लागणार होता. "ते तोंड वाकडं करतेस ना," तो म्हणाला, "ते अजून जरा वाढव. लोक मरतात तिथे."

"हो, मरतातच," बडबडी म्हणाली. त्याला काही ते कळलं नाही.

जिन्यात मावशी उभी होती. शेवटच्या रांगेत बसून तिने सगळं पाहिलं होतं, न सांगता आली होती.

"मावशी, तू?"

"हो, मी. तिकीट काढून आले. तुझ्या आईची अब्रू वेशीवर टांगलेली बघायला पैसे मोजले मी. अगं, माझ्या ताईच्या तोंडातली लाळ पुसते मी रोज. आणि तू तेच तोंड करून टाळ्या घेतेस?"

"मला त्या साहेबाचं मांडायचं होतं गं. ते लोकांपर्यंत पोचलंच नाही."

"कसं पोचेल? तोंड तू ताईचं केलंस. साहेबाचं केलंस का?"

बडबडीने मान खाली घातली. बारा वर्षं धंदा करून जे सुचलं नाही ते मावशीने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं.

"आणि ताईला विचारलंस का?"

"कसं विचारू? हो म्हणाली काय, नाही म्हणाली काय, वाक्य एकच येतं."

"ते मला नको सांगूस. विचारायचं. आणि ती नको म्हणाली तर हे सगळं बंद. पोस्टर छापली असतील तरी बंद. शब्द दे."

बडबडीने शब्द दिला. पण हा कार्यक्रम बंद झाला तर साहेबाचं ते किंचित हसू तसंच राहणार होतं. कोर्टात जायची ऐपत नव्हती, तक्रारीला पोच मिळाली होती. तिच्या हातात माईक सोडून दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आई खिडकीपाशी बसून डाव्या हाताने मटार सोलत होती. एका हाताने शेंग फोडायची तिची एक युक्ती होती, शेंग टेबलाच्या कडेवर दाबायची. मावशी पंचासारखी समोरच्या स्टुलावर बसली. बडबडीने लाटणं माईकसारखं धरलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जिन्याखालची खोली, ब्लँकेटं, घड्याळ, नऊ नंबर. वाकडं तोंड तिने टाकून दिलं होतं. आई ऐकत होती. साहेबाच्या 'बघा, कसं आहे'वर तिच्या घशातून एक हुंकार आला, तो हसण्याचाच होता. मग बडबडी त्या वाक्याला आली.

"कृपया फोन ठेवू नका..."

आईने डावा तळहात वर केला. थांब.

बडबडी थांबली.

"पुन्हा म्हणू, आई? कृपया फोन ठेवू..."

तळहात पुन्हा वर आला, या वेळी इतक्या जोरात की मटाराचं भांडं कलंडलं आणि दाणे फरशीभर पळाले. आईचे डोळे चिडलेले होते. याहून स्पष्ट 'नाही' काय असतं?

"बरं," बडबडी म्हणाली. "बरं, आई. नाही सांगणार." लाटणं तिने ओट्यावर ठेवलं. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नक्की कोणाचा हे तिला कळत नव्हतं. तिने तिथेच हॉलवाल्याला फोन लावला. "कार्यक्रम रद्द करा." तो आधी ओरडला, मग म्हणाला, "थांब, पोस्टरवाल्याला विचारतो, धर जरा," आणि फोनमध्ये कसलीशी धून वाजू लागली.

तेवढ्यात आई खुर्चीचा आधार घेत उठली. पाय ओढत, मटाराचे दाणे चुकवत ती लेकीपर्यंत आली आणि तिने आपला डावा हात बडबडीच्या बरगड्यांवर ठेवला.

"कृपया," आई म्हणाली. आणि हात दाबला. दाबून धरला. एक अख्खा श्वास जाऊन आला, तेव्हा हात सैल सोडला. "फोन ठेवू नका."

पुन्हा. "कृपया." हात दाबलेला. श्वास. "फोन ठेवू नका."

मग तिने लेकीच्या छातीवर बोट टेकवलं. तू म्हण.

"कृपया फोन ठेवू नका," बडबडी गोंधळून म्हणाली.

आईने डाव्या हाताने कपाळ बडवलं.

मावशी स्टुलावरून उठलीच. "अगं गाढवे! ती तुला नको म्हणत नाहीये. तू चुकतेयस! कृपया म्हटल्यावर थांबायचं असतं. ताई नोकरीला लागली तेव्हाच आम्हाला पाठ झालं होतं ते. ताई म्हणायची, श्वास न घेता म्हटलं तर ती विनंती राहत नाही, दटावणी होते!"

चौदा वेळा. रेकॉर्ड रूममध्ये आईने एकच वाक्य चौदा वेळा म्हटलं होतं, ते त्या एका श्वासासाठी. आणि लेक नुसतीच धाड धाड म्हणून मोकळी होत होती. बडबडी हसायला लागली आणि हसता हसता तिने आईला मिठी मारली. फोनमधून हॉलवाला "हॅलो, हॅलो" करत होता.

तरी तिने शब्द दिला होता. तिने आईला खुर्चीवर बसवलं, समोर गुडघ्यांवर बसली आणि सरळ विचारलं, "आई, हे मी सगळ्यांपुढे सांगू? खरं सांग."

आईने वाक्य म्हटलं नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, साहेबांनी दिलेल्या त्याच घड्याळाकडे, आणि हवेत मिनिटकाट्याची वाट हळूहळू गिरवली. जिथे तेवीस मिनिटं भरतात तिथे बोट थांबवलं आणि त्या जागी तीन वेळा टोचल्यासारखं केलं. मावशीने डोळ्यांना पदर लावला. "सगळं सांग म्हणतेय," ती म्हणाली. "मिनिटांसकट."

कार्यक्रम दुपारी चारला ठेवायचा, असा बडबडीने हट्ट धरला. हॉलवाल्याने डोक्याला हात लावला. "दुपारी चारला कोण हसतं? लोक जांभया देतात." पण तक्रार विभाग पाचपर्यंतच उघडा असतो आणि तिला तो उघडाच हवा होता.

तीनशे माणसं आली. आई पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, नोकरीच्या दिवसांतली ती फिकट निळी साडी नेसून. बाजूला मावशी. स्टेजवर माईकच्या शेजारी एका काठीला ते घड्याळ टांगलेलं. बडबडीने गोष्ट सांगितली आणि या वेळी तोंड केलं ते साहेबाचं. खुर्ची देणारा साहेब, पाणी देणारा साहेब, किंचित हसणारा साहेब. 'बघा, कसं आहे' तिसऱ्यांदा आलं तेव्हा लोक तिच्याबरोबर म्हणू लागले. हशा बरोबर त्याच्याच टाळक्यात जाऊन बसत होता.

"मी लेखी तक्रार दिली," ती म्हणाली. "आता तोंडी देते." हॉस्पिटलचं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. फोन काढला, नंबर लावला, तक्रारीसाठी सात दाबलं आणि फोन माईकपाशी धरला.

"कृपया," आईचा जुना, भरलेला आवाज थिएटरभर पसरला. श्वास. "फोन ठेवू नका. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

लोक हसले. मग धून. मग पुन्हा वाक्य. दुसऱ्या मिनिटाला हसले, तिसऱ्याला कमी हसले. पाचव्या मिनिटाला कोणीतरी खोकलं. बडबडी काही बोलली नाही. विनोदवालीने पाच मिनिटं गप्प राहणं म्हणजे धंद्यात आत्महत्या, पण ती राहिली. मग घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "अजून अठरा आहेत. माझी आई हात गेलेला असताना जमिनीवर बसून थांबली होती. तुम्हाला तर गुबगुबीत खुर्ची आहे."

कोणी हसलं नाही. आठव्या मिनिटाला मागच्या रांगेतली एक बाई उभी राहून ओरडली, "अरे, उचला ना मेल्यांनो!" आणि चारी बाजूंनी तेच सुरू झालं, उचला, उचला.

नवव्या मिनिटाला खट्ट झालं.

"तक्रार विभाग," फोनमधला पुरुष म्हणाला. "बघा, कसं आहे, वेळ संपत आलीये, थोडक्यात बोला."

थिएटर हशाने फुटलं. लोक पाय आपटत होते, एकमेकांच्या पाठी थोपटत होते, तो जाडा गृहस्थ आजही आला होता आणि पुन्हा चष्मा पुसत होता. बडबडीला त्या छोट्या खोलीतला हशा आठवला. हा त्याच्या दहापट होता आणि यातला कणभरही आईच्या वाट्याला नव्हता.

"हॅलो? कोण हसतंय तिथे? काय तमाशा आहे हा?"

बडबडीने पानभर भाषण पाठ केलं होतं. तिने तोंड उघडलं. पहिल्या रांगेतून डावा तळहात वर आला.

थांब.

ती थांबली. पायऱ्या उतरून खाली गेली आणि फोन आईच्या हातात दिला, माईक जवळ धरला. आई खुर्चीत ताठ बसली, बोर्डापुढे बसायची तशी. हशा विरला.

"कृपया," आई म्हणाली. आवाज जाड झाला होता, पण तोच होता. तीनशे माणसांनी तिच्याबरोबर श्वास रोखला. "फोन ठेवू नका. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

तो आवाज साहेब रोज ऐकत होते. त्यांनी तो ओळखला.

"बाई... तुम्ही?" आवाज खाली आला होता. "बघा, कसं आहे, म्हणजे त्या दिवशी..."

तीस वर्षांत आईने फोन कधी आधी ठेवला नव्हता. चुकून लागलेल्याचा नाही, शिव्या देणाऱ्याचा नाही, त्या तेवीस मिनिटांतही नाही.

साहेब अजून बोलत होते. आईने डाव्या अंगठ्याने फोन ठेवला.